विहिरीवरचा उतारा

माझी आजी बायबलबाई होती. हा शब्द आता पुष्कळांच्या ओळखीचा राहिलेला नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. बायबलबाई म्हणजे मिशनने तुटपुंज्या पगारावर नेमलेली, लिहितावाचता येणारी ख्रिस्ती बाई. तिने वाड्यावस्त्यांवर हिंडावे, बायकांना पवित्र शास्त्रातला एखादा उतारा वाचून दाखवावा, अर्थ सांगावा, चार गायने शिकवावीत आणि जमलेच तर एखादीला अक्षरओळख करून द्यावी, असे तिचे काम. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गमावलेली ही महाराची पोर मिशनच्या बोर्डिंगात वाढली आणि लग्न होऊन नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी आली. १९६८ साली ती वारली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी, एक चष्मा आणि पुठ्ठा निखळलेले एक बायबल एवढाच ऐवज निघाला.

दर शनिवारी रात्री आमच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या उपासनेचा उतारा वाचला जाई. वडील मास्तर होते. ते कंदिलाजवळ बसून वाचीत, मग तिमाही पुस्तिकेतली त्या उताऱ्यावरची टीप वाचीत आणि त्यानंतर आजी आपले बोले. टीप मला कधीच आठवत नाही. आजीचे बोलणे मात्र आठवते. त्यातही योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाचा शनिवार तर स्पष्ट आठवतो.

त्या अध्यायातली गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चालून थकलेला येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीच्या काठी बसला आहे. एक शोमरोनी बाई पाण्याला येते. तो तिच्याजवळ पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. मग दोघांचे बोलणे होते. जिवंत पाण्याबद्दल होते, तिच्या पाच नवऱ्यांबद्दल होते, देवाची उपासना कोणत्या डोंगरावर करावी याबद्दल होते. शेवटी ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गाव घेऊन येते.

टिपेत त्या बाईच्या पापी जीवनाबद्दल लिहिले होते, हे मी खात्रीने सांगू शकतो. कारण आजी त्यावरच उसळली. ती म्हणाली, “पाच नवरे मेले का टाकून गेले, ते कुठं लिवलंय? दुपारच्याला पाण्याला कोण जातं ते बघ आधी. सकाळच्याला जिला विहिरीवर हुबं राहू देत न्हाईत, ती जाती.” आणि थोड्या वेळाने, “त्याच्यापाशी पोहरा न्हवता. तिच्या भांड्यातनंच प्यायचं हुतं त्याला. हे पाळकसायबाला का दिसंना?”

दुसऱ्या दिवशी देवळात पाळकांनी पाच नवऱ्यांवर पाऊण तास उपदेश केला.

महाराष्ट्रातल्या अस्पृश्यांच्या ख्रिस्ती होण्याचा इतिहास लिहिताना अभ्यासक बाप्तिस्मे मोजतात, शाळा मोजतात, दुष्काळात वाटलेले धान्य मोजतात. तो इतिहास हवाच. पण बाप्तिस्मा एकदाच होतो आणि रविवार वर्षाला बावन्न येतात. त्या बावन्न रविवारी महारवाड्यातल्या माणसाला कोणता उतारा वाचून दाखवला, त्याच्या रोजच्या जगण्याशी त्या उताऱ्याची सांगड कशी घातली, आणि त्याने स्वतः त्यातून काय ऐकले, याची विचारपूस कोणी केलेली मला आढळली नाही. माझ्या मते आमच्या समाजाचे बरेचसे भले आणि बरेचसे वाईट त्या आठवड्याच्या वाचनातच घडलेले आहे.

भले आधी सांगतो. तसे न करणे कृतघ्नपणाचे होईल. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडी अजून नुसते ‘नगर’ आहे.) त्याच्याही आधी बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम केरी यांनी वैजनाथ नावाच्या मराठी पंडितांच्या मदतीने नवा करार मराठीत आणला होता. तो १८११ साली छापला गेला. नगर जिल्ह्यातले आमचे श्रीरामपूर वेगळे. लहानपणी मला वाटे की बायबल आमच्या शेजारच्याच तालुक्यात छापले.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची एक अट होती. माणसाला शास्त्र स्वतः वाचता आले पाहिजे. त्या अटीमुळे शाळा निघाल्या. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक आहे. १८४२ साली नगरहूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीचा महारमांगांच्या दुःखांविषयीचा निबंध छापून आला. ती चौदा वर्षांची होती, ख्रिस्ती नव्हती. धर्मपुस्तक ज्यांना वाचू दिले जात नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल होता. दलित साहित्याची परंपरा सांगताना आपण तिचे नाव घेतो. पण तिने नेमका पुस्तकाचा प्रश्न विचारला आणि तो छापणारे पत्र पुस्तकाच्या प्रसारासाठीच निघालेले होते, हा योग कोणी फारसा लक्षात घेत नाही.

ज्याच्या सावलीचा विटाळ होई त्या माणसाच्या हातात दर रविवारी एक ग्रंथ उघडला जाऊ लागला. तो त्याला बोट लावू शकत होता, चुकत माकत वाचू शकत होता. हे लहान काम नव्हे. आमच्या गावात पाटलाच्या घरी पत्र आले की वाचायला माझ्या पणज्याला बोलावीत, असे वडील सांगत. पायरीच्या खाली बसून तो वाची, हेही ते सांगत.

त्या ग्रंथाच्या भाषेविषयी एक शब्द. ती पंडितांनी आणि साहेबांनी मिळून घडवलेली होती. ‘खचित’, ‘ह्यास्तव’, ‘वल्हांडण’, ‘प्रायश्चित्त’ असे शब्द आमच्या घरात कोणी बोलत नसे. पण रविवारी सगळे तसे बोलत. पांढरपेशा साहित्यिकांनी ‘मिशनरी मराठी’ म्हणून तिची टिंगल केली. गावाच्या मराठीनेही आम्हाला वेगळे पाडले. पंडिता रमाबाईंना ही अडचण कळली होती. साध्यासुध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल सोप्या मराठीत करायला घेतले. केडगावच्या मुक्तिमिशनातल्या बायकांनीच ते छापले. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. मंडळ्यांतून ते फारसे वाचले गेले नाही. आमच्या देवळात तर मी ते कधी पाहिले नाही.

आता निवडीकडे येतो. आपल्याला वाटते, पाळक आपल्या मर्जीने उतारा निवडतो. पुष्कळदा निवडतोही. पण शब्बाथ शाळेची गोष्ट निराळी होती. १८७२ साली अमेरिकेत शब्बाथ शाळांच्या पुढाऱ्यांनी ठरवले की सर्व शाळांनी एका रविवारी एकच पाठ घ्यायचा. पाठांची यादी एका समितीने करायची, सात वर्षांत शास्त्राचा फेरा पुरा करायचा. प्रत्येक पाठाला पाठ करण्यासाठी एक सुवर्णवचन. ही पद्धत झपाट्याने जगभर पसरली. १८७६ साली अलाहाबादेत भारतासाठी शब्बाथ शाळांचा संघ स्थापन झाला आणि देशी भाषांतून टिपा निघू लागल्या. शिकागोतल्या दुकानदाराचा मुलगा आणि मिशनच्या शाळेतला महाराचा मुलगा एकाच रविवारी एकच वचन घोकू लागले. ह्या कल्पनेत एक मोठेपण आहे, मी ते नाकारत नाही. लहानपणी मलाही त्याचा अभिमान वाटे. पण यादी करणारी माणसे अमेरिकेत बसलेली होती. दारूचा प्रश्न त्यांच्या दाराशी होता, तिथल्या स्त्रियांच्या चळवळीने रेटा लावला, म्हणून दर तिमाहीला एक पाठ दारूबंदीचा आला. महारवाड्याच्या पाण्याचा पाठ त्यांना सुचण्याचे कारण नव्हते आणि तो मागायला आमचे कोणी तिथे नव्हते.

उतारे निवडण्यामागे काय दडलेले असते हे पाहायचे तर त्याच अमेरिकेच्या आणि वेस्ट इंडीजच्या गुलामांकडे गेले पाहिजे. दलित चळवळीने निग्रो साहित्याशी नाते सांगितले ते कवितेच्या अंगाने. हा धागा त्याहून जुना आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय. ह्या पुस्तकात २३२ ठेवले. इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामगिरीतून निघाले ती सगळी कथा काढून टाकली. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, असे पौलाने गलतीकरांना लिहिले, तीही ओळ गाळली. मालकांना ती पुस्तके धोक्याची वाटली, म्हणजे त्यांना शास्त्र चांगले समजले होते असे म्हणावे लागते.

गुलामांनाही ते समजले होते. १८३३ साली जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचा पाळक गुलामांपुढे फिलेमोनाच्या पत्रावर बोलला. पळालेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल मालकाकडे परत पाठवतो, ते हे पत्र. पळून जाणे पाप आहे, असे जोन्सने सांगताच अर्धे लोक उठून चालते झाले. राहिलेल्यांपैकी काहींनी तोंडावर सांगितले की असले पत्र बायबलात नाहीच. हे जोन्सनेच लिहून ठेवले आहे. आणि हॉवर्ड थर्मन या निग्रो धर्मचिंतकाने १९४९ सालच्या आपल्या पुस्तकात आजीची हकिकत दिली आहे. ती गुलामगिरीत जन्मलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. प्रीतीवरचा एक अध्याय तेवढा अपवाद. कारण मालकाचा पाळक वर्षातून तीनचारदा दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हाच पौलाचा उतारा घेई. तिने तेव्हाच ठरवले होते की सुटका झाली आणि वाचायला आले तर तो भाग वाचायचा नाही. ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. शनिवारची रात्र आणि कंदील आठवला.

ज्या अमेरिकन बोर्डाने नगरला माणसे पाठवली त्याच बोर्डाने १८४५ साली, आपल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणाऱ्यांना मज्जाव करावा की नाही या प्रश्नावर, ठाम नकार देण्याचे टाळले. रागावलेल्या लोकांनी १८४६ साली वेगळी मिशनरी संस्था काढली. हेही येथे नमूद केले पाहिजे की जातीच्या बाबतीत नगरच्या मिशनऱ्यांची भूमिका पुष्कळ कडक होती. प्रभुभोजनाच्या एका प्याल्यातून सर्वांनी प्यावे, असा त्यांचा आग्रह असे. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. तेव्हा त्यांच्या मनात ह्यातला चांगला अर्धा भाग होता.

मराठी बायबलाची पाने कोणी फाडली नाहीत. संपूर्ण ग्रंथ आमच्या हातात होता. तरीही पाने गळाली, ती न वाचल्याने. आजीच्या बायबलात वडिलांनी दर रविवारच्या उताऱ्याशेजारी बारीक पेन्सिलीने तारीख घातलेली आहे. जवळजवळ तीस वर्षांच्या तारखा आहेत. एका घरच्या एका प्रतीवरून समाजाचा इतिहास लिहिता येत नाही हे मला कळते. पण पाने चाळली की दिसते ते असे. पौलाच्या पत्रांत तारखांची दाटी, दाखल्यांत दाटी, काही स्तोत्रांवर तर चारचार तारखा. निर्गमात मोशेचा विश्वास आहे, वेठबिगारीच्या विटांचा अध्याय कोरा. आमोस संदेष्टा सबंध कोरा. याकोबाच्या पत्रात जिभेला आवर घालण्याचा भाग तीनदा घेतलेला. शेतमजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवानांना याकोब जे सुनावतो तिथे एकही तारीख नाही. आमच्या मंडळीतले निम्मे लोक बागायतदारांच्या उसात मजुरीला जात होते.

आणि जे उतारे वाचले जात त्यांचा रोख एकाच दिशेला असे. तू खोटे बोलतोस, तू दारू पितोस, तू बायकोला मारतोस, तू देवाचा दशांश देत नाहीस. ह्यात खोटे काही नव्हते. दारूने आमची घरे बसली होती आणि ती सुटली ती ह्याच उपदेशांनी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनावर हळूहळू एक गोष्ट ठसत गेली, की आपण ज्या दशेत आहोत ती आपल्या पापामुळे. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. ‘अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण’ आणि ‘धर्मांतरिताची स्थिती’ या विषयांवरचे त्यांचे इंग्रजी लेख त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात ते प्रसिद्ध केले. त्यांत ते म्हणतात त्याचा आशय असा: हा माणूस हिंदू होता तेव्हा त्याला सांगितले गेले की तुझी दुर्दशा तुझ्या पूर्वकर्मामुळे, ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती आदिपित्याच्या पापामुळे, भोवतालच्या व्यवस्थेला जाब विचारण्याचे बळ दोन्हीकडून गेलेच. १९३५ साली येवल्याची घोषणा झाली, ते येवले आमच्यापासून फार लांब नाही. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजाची राजकारणातली उदासीनता आणि मंडळीतली जात यांवर बोट ठेवले. आमच्या मंडळीत ह्या भाषणाचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. आजी त्या वेळी तरुण होती, गावोगाव विहिरीचा उतारा सांगत हिंडत होती. तिला महाडची बातमी कधी कळली, कळली तेव्हा ती काय म्हणाली, हे मी तिला विचारायला हवे होते. आमच्या गावात तर पाणी वरून ओतून घ्यावे लागे. बाप्तिस्म्याने त्यात फरक पडला नव्हता. ‘पादऱ्याचे झाले म्हणून काय विहीर बाटवायची?’ असे पाटलीण म्हणाल्याचे घरात सांगत. एका आठवड्यात दोनदा पाणी मागायचे: रोज सकाळी विहिरीच्या काठाशी घागर ठेवून, आणि रविवारी उताऱ्यात. ह्या दोन पाण्यांचा संबंध देवळातल्या व्यासपीठावरून कोणी जोडला नाही. तो आजीने जोडला.

पुढे मला कळले की आजी विद्वानांच्याही बरोबरीने चालली होती. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, या वाक्यातल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘एकत्र भांडी वापरणे’ असा घ्यावा, असे डेव्हिड डॉबे या पंडिताने १९५० साली दाखवून दिले. म्हणजे ती बाई म्हणते आहे, तुम्ही आमच्या भांड्याला शिवत नाही आणि माझ्याजवळ पाणी कसे मागता? काही इंग्रजी भाषांतरांनी हा अर्थ स्वीकारला. नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात ग्रीक भाषा येत नसताना तोच अर्थ लागला होता. आजीने आणखीही एक गोष्ट पाहिली होती. अध्यायाच्या शेवटी येशू त्या शोमरोनी गावात दोन दिवस राहतो. “दोन दिस राह्यला म्हंजी जेवला आसंल का न्हाई?” ती विचारी. वडील म्हणत, “आई, ते लिहिलेलं नाही.” ती म्हणे, “उपाशी राह्यला आसंही लिवलेलं न्हाई.”

इथवर आजीचे गुणगान झाले. पुढचे लिहायला हात आढेवेढे घेतो, पण ते गाळले तर मीही याद्या करणाऱ्यांच्याच पंगतीला बसलो. आमच्या मंडळीत दोन मातंग ख्रिस्ती कुटुंबे होती. देवळात ती मागच्या सतरंजीवर बसत. तसे कोणी सांगितलेले नव्हते. बसत एवढे खरे. प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्याकडे शेवटी जाई. आमच्या घरी ती माणसे येत, ओट्यावर बसत. आमचे कोणी त्यांच्याकडे पाणी पीत नसे. एका शनिवारी त्यांच्यातली एक बाई, तिला आम्ही मावशी म्हणत असू, वाचनाला येऊन बसली होती. उतारा कोणता होता ते आठवत नाही. आजी बोलायची थांबली तेव्हा मावशी अगदी सहज म्हणाली, “बाई, तुमी लई चांगलं सांगता. पर आमच्या घरचं पानी तुमी अजून घेतलं न्हाई.” कोणी काही बोलले नाही. वडिलांनी प्रार्थनेला सुरुवात केली. आजी पुढे त्यांच्याकडे गेली की नाही, पाणी घेतले की नाही, मला ठाऊक नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा असेन, आणि मोठेपणी विचारायचे धाडस झाले नाही.

गलतीकरांच्या पत्रातली ती ओळ, वेस्ट इंडीजच्या गुलामांच्या बायबलातून गाळलेली, आमच्याकडे मात्र भिंतीवर रंगवलेली होती. ख्रिस्तात भेद नाही. ती दर वर्षी एकदा तरी उपदेशाला घेतली जाई आणि झालेल्या गोष्टीची बातमी सांगावी तशी सांगितली जाई. भेद गेला, आता उपकार माना. पौलाने ते पत्र लिहिले तेव्हा भेद चालू होते म्हणूनच लिहिले, हे कोणी सांगितले नाही. मागच्या सतरंजीकडे बोट दाखवण्याची सोयच त्या वचनाने बंद केली होती.

ह्याचा हिशेब पुढे सरकारदरबारी झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरले की हिंदू धर्माशिवाय अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला. महाराष्ट्रात नवबौद्धांच्या सवलती १९६० पासूनच होत्या. ख्रिस्ती राहिले. १९८५ साली सुसै नावाच्या मद्रासच्या ख्रिस्ती चांभाराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जातीमुळे येणाऱ्या अडचणी धर्मांतरानंतरही तितक्याच तीव्रतेने टिकून आहेत, याचा पुरावा पुढे आलेला नाही. पुरावा कुठून येणार? शंभर वर्षे दर रविवारी आम्हीच उभे राहून सांगत होतो की आमच्यात भेद नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ साली पुन्हा न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. माझ्या आत्याचा मुलगा १९५६ नंतर बौद्ध झाला. त्याची मुले आणि माझी मुले एकाच वर्गात शिकली. दाखल्यांवर वेगवेगळे रकाने भरले गेले. विहीर दोघांच्या आज्यांची एकच होती.

हा आत्येभाऊ मला थट्टेने विचारी, “तू अजून त्या पुस्तकात काय शोधतोस?” त्याला पटेल असे उत्तर मी कधी दिले नाही. अरविंद निर्मळ यांनी दिले असते. महाराष्ट्रातल्या दलित ख्रिस्ती घरातले निर्मळ बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शिकवीत. १९८१ साली त्यांनी तिथे शूद्रांच्या धर्मचिंतनाची मागणी केली आणि पुढे तिचे दलित धर्मचिंतन झाले. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस देवापुढे पहिल्या पिकाची टोपली ठेवतो आणि आधी आपल्या भटक्या पूर्वजाची, मिसरातल्या दास्याची हकिकत सांगतो. निर्मळ म्हणत, आम्हीही देवापुढे जाताना आमच्या पूर्वजांची हकिकत आधी सांगू. कोणत्या बापजाद्यांची, तर ज्यांना गावात पाय ठेवायला बंदी होती, त्यांची. १९९५ साली निर्मळ गेले. त्यांचे लेखन इंग्रजीत, पाळकांच्या शिक्षणसंस्थांत वाचले जाते. वाड्यावस्त्यांवरच्या रविवारपर्यंत ते फार थोडे पोचले. आता तर आठवड्याच्या उताऱ्याचीही गरज उरलेली नाही. रोज सकाळी मोबाईलवर एक वचन येते, मागे सूर्योदयाचे चित्र असते आणि वचन बहुधा मनःशांतीचे असते.

ह्या अंकाच्या वाचकांत अहमदनगर, औरंगाबाद, जालना, सोलापूर, सातारा ह्या भागांतली ख्रिस्ती कुटुंबांतली माणसे असतील. ज्यांचे नातलग ख्रिस्ती आहेत असे बौद्ध मित्रही असतील. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरी जुन्या तिमाही पुस्तिका, शब्बाथ शाळेच्या टिपा, पाळकांच्या उपदेशाच्या वह्या, आज्यांची बायबले पडलेली असतील. ती रद्दीत घालू नका. उताऱ्यांशेजारी तारखा आहेत का ते पाहा, आणि कोणत्या पानांवर काहीच नाही तेही टिपून ठेवा. गावात एखादी म्हातारी बायबलबाईचे बोलणे ऐकलेली हयात असेल तर तिला योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. शुद्ध करू नका. आमच्या बायबलात त्या अध्यायाशेजारी सात तारखा आहेत. शेवटची १९६७ सालच्या उन्हाळ्यातली आहे. त्या साली मंडळीच्या आवारात हापशी बसली होती.